ईद दोन दिवशी का? रिदा आणि बुरख्यात फरक काय? आपल्या आसपासच्या मुस्लिम समाजांचे वेष आणि रिवाज

भटकळात ईद आज आणि बेळगावात उद्या, असं काही वर्षी होतं. राज्य एकच, सरकारी सुट्टी एकच, तरी नमाज दोन दिवशी. मग व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणा सुरू होते, की खरी ईद कुठली? उत्तर साधं आहे. भटकळ, उडुपी, मंगळुरू हा किनारपट्टीचा पट्टा चंद्रदर्शनासाठी केरळच्या काझींचा शब्द मानतो. घाटावरची बेळगाव, हुबळी, विजापूर ही गावं आपल्या भागातल्या आणि बंगळुरूच्या चांद कमिटीकडे बघतात. केरळात चंद्र दिसला आणि घाटावर ढग आले, की एक दिवसाचा फरक पडलाच. इंदूर, उज्जैन किंवा वडोदऱ्याचे दाऊदी बोहरा तर बहुतेक वेळा या दोघांच्याही एक-दोन दिवस आधी ईद उरकून मोकळे झालेले असतात. कारण त्यांचं पंचांग चंद्र बघून नाही, गणिताने चालतं. तीस वर्षांचं एक चक्र आणि त्यात अकरा वर्षं एका दिवसाने मोठी, असा तो हिशेब. पुढच्या पन्नास वर्षांच्या ईदेच्या तारखा ते आजच सांगू शकतात.

ईदेच्या तारखेइतकाच घोळ वेषाबद्दल आणि रिवाजांबद्दल आहे. घर भाड्याने देताना, कॉलेजच्या गेटवर, लग्नाच्या पंगतीत, कोर्टाच्या निकालावर चहाच्या टपरीवर चर्चा करताना 'त्यांच्यात असंच असतं' हे वाक्य हमखास येतं. 'त्यांच्यात' म्हणजे नक्की कोणात? २०११ च्या जनगणनेनुसार देशात मुसलमान १७ कोटी २२ लाख, म्हणजे १४.२ टक्के. कर्नाटकात जवळपास १३ टक्के, महाराष्ट्रात साडेअकरा, गोव्यात सव्वाआठ. एवढ्या माणसांचं एकच खातं उघडायचं म्हणजे अख्ख्या बाजारपेठेची उधारी एका पानावर लिहिण्यासारखं आहे. कुणाकडून काय येणं आहे ते कधीच कळणार नाही. म्हणून ही थोडी खतावणी. सगळे समाज यात आलेले नाहीत. आपल्या मराठी वाचकाच्या शेजारी जे राहतात, त्यांच्यापुरतं हे लिहिलं आहे.

किनाऱ्यावरचे आणि घाटावरचे

पहिली आणि सगळ्यात उपयोगी खूण म्हणजे समुद्र. रत्नागिरी, रायगडपासून भटकळमार्गे थेट केरळपर्यंतचे मुस्लिम समाज बहुतांशी शाफई पंथाचे. घाटावर, दख्खनमध्ये आणि उत्तरेत बहुसंख्य हनफी. दोन्ही सुन्नीच. इमाम अबू हनीफा (मृत्यू इ.स. ७६७) आणि इमाम शाफई (मृत्यू इ.स. ८२०) या दोन विद्वानांनी धर्माचे नियम लावण्याच्या ज्या दोन पद्धती घालून दिल्या, त्यांचे हे अनुयायी. आपल्याकडे ही विभागणी झाली ती व्यापारामुळे. किनाऱ्यावर इस्लाम आला तो अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून, आणि अरबी समुद्रापलीकडे येमेनच्या बाजूला शाफई मत चालायचं. घाटावर आला तो तुर्क-अफगाण राज्यकर्ते, त्यांच्या फौजा आणि त्यांच्याबरोबर आलेले सूफी यांच्या वाटेने. तिकडे हनफी मत.

हा फरक पुस्तकी नाही, ताटात दिसतो. हनफी मतानुसार पाण्यातल्या जिवांत मासा तेवढा हलाल. खेकडा चालत नाही, आणि कोळंबीला मासा म्हणायचं का यावर त्यांच्या मौलवींत जुना वाद आहे. शाफईंना समुद्रातलं जवळपास सगळं चालतं. त्यामुळे कोकणी मुसलमानाच्या घरी कुर्ल्या आणि तिसऱ्या अगदी मजेत शिजतात, आणि घाटावरून आलेला हनफी पाहुणा ताटाकडे बघत बसतो. घड्याळातही फरक आहे. दुपारनंतरची असरची नमाज शाफई लवकर पढतात, म्हणजे वस्तूची सावली वस्तूइतकी वाढली की. हनफी ती दुप्पट होईपर्यंत थांबतात. शेजारशेजारच्या दोन मशिदींत असरची अजान वेगवेगळ्या वेळी ऐकू आली, तर भांडण झालंय असं समजू नये.

कोकणी मुसलमानाची घरची बोली कोकणी-मराठी वळणाची. आडनावं मुकादम, पारकर, खोत, दळवी, देशमुख अशी, म्हणजे गावावरून नाहीतर वतनावरून आलेली. लग्नात बायका याच बोलीत गाणी म्हणतात. भटकळचे नवायत आणखी वेगळे. त्यांची नवायती ही कोकणीच्या कुळातली बोली, तिच्यात अरबी-फारसी शब्दांची भर, आणि लिहायची ती उर्दू लिपीत. गोव्याच्या माणसाने कान देऊन ऐकलं तर बरंचसं समजतं. अजून खाली मलबारात गेलं की मापिळा. तिथला मुसलमान पुरुष मुंडू नेसतो, फक्त त्याचं टोक डाव्या बाजूला, आणि हिंदूचं उजव्या. जुन्या मापिळा बायकांचा वेष म्हणजे काची, कुप्पायम आणि डोक्याला तट्टम; बुरखा त्यात नव्हता. उत्तर मलबारातल्या काही मापिळा घराण्यांत आणि लक्षद्वीपवर घर आईच्या बाजूने चालतं. नवरा बायकोच्या घरी येतो, आणि पिढीजात इस्टेट मुलीकडून पुढे जाते. धर्म तोच, कुराण तेच.

किनाऱ्याचाच एक फाटा आपल्या अगदी जवळ आहे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात राहणारे सिद्दी. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत आणि मुसलमानही आहेत. जुन्या कापडांच्या तुकड्यांच्या गोधड्या, म्हणजे कवंदी, या तिन्ही धर्मांच्या सिद्दी बायका सारख्याच हातोटीने शिवतात. कर्नाटकात त्यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

दख्खनी घर

बेळगाव, निपाणी, विजापूर, सोलापूर, सांगली या पट्ट्यातला मुसलमान दख्खनी बोलतो. उत्तरेतला उर्दूवाला तिला हसतो, पण आपल्याला ती लगेच कळते, कारण तिच्यात मराठी मुरलेली आहे. 'नको'चं 'नक्को', आणि जोर देण्यासाठी आपला 'च': 'मैंइच आया था', 'उन्नेइच बोली'. अनेकवचन 'लोगां', 'बातां'. या भागातली आडनावं वाचली तर गावगाडाच समोर येतो. मुलाणी, तांबोळी, बागवान, अत्तार, शिकलगार, मोमीन, नदाफ, मुजावर, जमादार, किल्लेदार, इनामदार. मोमीन विणकर, नदाफ कापूस पिंजणारा, बागवान फळंभाजी विकणारा. मुलाणी तर बलुतेदारांतला. गावच्या जत्रेत बोकड कापण्याचा मान त्याचा, आणि त्याबदली धान्याचा वाटा. ही सगळी माणसं एकमेकांत सरसकट सोयरीक करत होती असं नाही. जातीसारखी बिरादरी इथेही चालते. धर्मात तिला आधार नाही, हे मौलवीही सांगतात आणि समाजसुधारकही सांगतात. तरी लग्न ठरवताना ती विचारली जाते.

वेष? खेड्यातली म्हातारी इरकल लुगड्यात, पदर डोक्यावर, हातात काकणं, गळ्यात काळी पोत. शेतात खुरपणीला जाणाऱ्या बाईला पडदा परवडत नव्हता. पडदा ही घरात बसून खाऊ शकणाऱ्या वरच्या घराण्यांची चाल होती, जशी ती आपल्याकडच्या सरदार घराण्यांतही होती. पुरुष धोतर किंवा विजार, डोक्याला फेटा नाहीतर पांढरी टोपी. जुन्या गटफोटोत मुलाणी कोण आणि पाटील कोण हे सांगता येणार नाही, इतका वेष सारखा.

काळ्या पोतीबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. मंगळसूत्र हे हिंदूंचं आणि मुसलमानांत तसलं काही नसतं, हा समज पक्का आहे. धर्माच्या दृष्टीने तो बरोबर. निकाहला लागतं काय, तर दोघांची कबुली, साक्षीदार आणि मेहर. गळ्यात काही बांधण्याचा संबंध नाही. पण दख्खनमध्ये लग्न झालेल्या मुसलमान बाईच्या गळ्यात काळे मणी शतकानुशतकं राहिले. हैदराबादेत तर नवऱ्या मुलीला सासरकडून 'काली पोत का लच्छा' घालणं हा लग्नातला ठळक विधी आहे, आणि तिथल्या सोनारांकडे त्याचे खास घाट मिळतात. तबलीगच्या प्रचारानंतर बऱ्याच घरांतून ही पोत गेली. हा हिंदू रिवाज आहे, असं सांगण्यात आलं. काही घरांत आईच्या गळ्यात आहे आणि सुनेच्या नाही. त्यावरून घरात काय बोलणं होतं, हे त्या घरच्यांनाच माहीत.

इथे एक फाटा समजून घ्यायला हवा, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. हनफींमध्येच दोन मोठे प्रवाह आहेत, बरेलवी आणि देवबंदी. नावं पडली ती उत्तर प्रदेशातल्या बरेली आणि देवबंद या गावांवरून. देवबंदचा मदरसा १८६६ चा. बरेलवी दर्ग्याला जातात, संदल-उरूस करतात, फातेहा देतात, मलिदा वाटतात. देवबंदी आणि त्यांच्याच वळणाची तबलीगी जमात (सुरुवात १९२० च्या दशकात मेवातमध्ये) यातलं बरंचसं धर्माबाहेरचं मानतात. त्यामुळे एकाच गल्लीत एकाच्या घरी कंदुरी असते आणि दुसरा तिच्या वाटेला जात नाही. घोट्याच्या वर पायजमा, लांब दाढी, मिशी बारीक, हे वळण बहुधा तबलीगी. हिरवा फेटा आणि उरुसाची लगबग बहुधा बरेलवी. 'बहुधा' म्हणतोय, कारण कपड्यावरून खात्रीने सांगता येत नाही. पत्रिकेवर छापलेला ७८६ हा आकडाही असाच. 'बिस्मिल्लाह'च्या अक्षरांच्या किमतींची ती बेरीज. भारत-पाकिस्तानात घराघरात दिसतो, अरबस्तानात त्याची चाल नाही, आणि इथल्याही अनेक मौलवींना तो पसंत नाही.

मोहरमचंही तेच. शियांसाठी मोहरम हा शोक. काळे कपडे, दागिने नाहीत, लग्नकार्य नाही. आपल्या भागात शिया थोडे, पण मोहरम मोठा, आणि तो गावाचा. पीर बसतात, पंजे निघतात, खड्ड्यात आगटी पेटते. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत बघायला लांबून लोक येतात. सौंदत्ती तालुक्यातल्या हिरेबिदनूरमध्ये मुसलमानांचं घरच नाही, तरी गाव मोहरम करतं. इंदूरला राजवाड्याशी 'सरकारी ताजिया'चं नातं होळकरांच्या काळापासून आहे, आणि ग्वाल्हेरीत शिंद्यांच्या घराण्याचा ताजियाशी संबंध आजही टिकून आहे. लखनौचा शिया माणूस हे ढोलताशे बघून चक्रावेल. धारवाड जिल्ह्यातल्या यमनूरचा उरूस तर असा, की दर्ग्यातल्या पिराला मुसलमान राजा बागसवार म्हणतात आणि हिंदू चांगदेव.

रिदा, बुरखा, हिजाब: कशाला काय म्हणायचं

बातम्यांत हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. आमच्याही पोर्टलवर 'हिजाब' लिहून बुरख्याचा फोटो लागलेला तुम्ही पाहिला असेल. तर एकदा नीट पाहू.

हिजाब या अरबी शब्दाचा मूळ अर्थ पडदा, आडोसा. आज बोलण्यात तो केस, कान आणि गळा झाकणाऱ्या रुमालाला वापरतात. चेहरा उघडा राहतो. नकाब म्हणजे चेहरा झाकणारं कापड, डोळे मोकळे. अबाया म्हणजे आखाती देशांतला लांब, सैल, बहुधा काळा झगा. तो नुसता अंगावर, डोकं वेगळं झाकायचं. बुरखा म्हणजे आपल्याकडे अंगावरचा झगा आणि डोक्या-चेहऱ्यावरचं कापड मिळून. अफगाणिस्तानातला निळा, डोळ्यांपुढे जाळी असलेला तो चादरी. आपल्या भागात तो दिसत नाही. इराणी चादोर ही अर्धवर्तुळाकार मोठी चादर, पुढून हाताने धरायची.

कुराणात याबद्दल दोन ठिकाणी सांगितलेलं मुख्यतः पुढे केलं जातं, सूरह नूर आणि सूरह अहजाब. नूरमध्ये नजर खाली ठेवण्याची सूचना आधी पुरुषांना आहे, मग बायकांना, आणि नंतर ओढणी छातीवर घेण्याबद्दल. चेहरा झाकायचा की नाही, यावर विद्वानांत पहिल्यापासून मतभेद. रंग काळाच हवा, असं कुठेही नाही. म्हणून तर मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत एवढे प्रकार झाले. सहारातल्या तुआरेग जमातीत तर चेहरा पुरुष झाकतात आणि बायका उघड्या चेहऱ्याने वावरतात, तेही मुसलमानच. इराणमध्ये रेझा शाहने १९३६ मध्ये पोलिसांकरवी बायकांच्या चादोरी उतरवल्या, आणि १९७९ च्या क्रांतीनंतरच्या सरकारने डोकं झाकणं सक्तीचं केलं. दोन्ही वेळी ठरवणारे पुरुषच होते, हे आपलं एक निरीक्षण.

आता बोहरा. दाऊदी बोहरा बाईचा रिदा लांबून ओळखू येतो. दोन भाग, गुलाबी, पोपटी, आकाशी असा कुठलाही रंग, फक्त काळा टाळतात. काठाला लेस किंवा भरतकाम, आणि डोक्याकडे चेहऱ्यावर ओढता येणारी 'परडी', जी एरवी मागे किंवा बाजूला असते. हा सक्तीचा गणवेश म्हणून रुळला तो गेल्या शतकाच्या उत्तरार्धात, बावन्नाव्या सय्यदनांच्या काळात. पुरुष पांढरा कुर्ता, वरून साया, आणि डोक्यावर सोनेरी कडेची पांढरी टोपी. ही टोपी बोहरा बायका घरी क्रोशाने विणतात. मोहरमच्या प्रवचनांनाही बोहरा पुरुष पांढऱ्यातच बसतात, जरी ते शिया असले तरी. जेवण एका मोठ्या थाळाभोवती सात-आठ जण बसून. सुरुवात चिमूटभर मिठाने, मग आधी गोड, मग तिखट, आणि डोकं झाकून. घरची भाषा गुजराती वळणाची, लिहायची अरबी लिपीत. वडोदऱ्याच्या वाचकांना हेही माहीत असेल, की अलवी बोहरांचं मुख्य ठाणं त्यांच्याच शहरात आहे आणि त्यांचे धर्मगुरू दाऊदींपेक्षा वेगळे. सुलेमानी बोहरा आणखी वेगळे. मुंबईचं तय्यबजी घराणं त्यातलं, पडदा सोडण्यात पुढे असलेलं. आगाखानी खोजांची तर प्रार्थनाही मशिदीत नाही, जमातखान्यात होते. तिसऱ्या आगाखानांनी बायकांना पडदा सोडून शिकायला सांगितलं, आणि आज आगाखानी बाई वेषावरून ओळखू येत नाही.

भोपाळचं उदाहरण माळव्यातल्या वाचकांसाठी. तिथे एकामागून एक बेगमांनी राज्य केलं. सिकंदर बेगम पडदा न करता कारभार बघायच्या, घोड्यावर बसायच्या, १८६३-६४ मध्ये हजलाही जाऊन आल्या. त्यांची नात सुलतान जहाँ बेगम (कारकीर्द १९०१ ते १९२६) बुरख्यात राहून राज्य करायच्या आणि मुलींच्या शिक्षणासाठी झटायच्या. काळ पुढे गेला म्हणजे पडदा कमीच होत जातो, असं सरळ गणित इथे बसत नाही.

हैदराबादचा थाट निराळा. नवऱ्या मुलीचा 'खडा दुपट्टा' म्हणजे कुर्ता, चुडीदार आणि सहा वार लांब दुपट्टा, जो चुण्या घालून अंगावर उभा बसवतात. लग्नाआधी मांझे (आपली हळदच ती), मग सांचक, मेहंदी, निकाह, जलवा, वलीमा, आणि नंतर जुम्मगी, म्हणजे शुक्रवारी जावयाला जेवायला बोलावणं. पुरुषांची शेरवानी आणि लाल रूमी टोपी. 'रूम' म्हणजे तुर्कस्तान. गंमत अशी, की तुर्कस्तानात मुस्तफा कमाल यांनी १९२५ मध्ये कायद्याने ही टोपी बंद केली, आणि निजामाच्या दरबारात ती पुढची कित्येक वर्षं मानाने वावरली. १९३१ मध्ये शेवटच्या खलिफाची मुलगी दुर्रुशेहवार निजामाची सून होऊन आली, आणि तिचे हैदराबादचे फोटो पाहाल तर साडीत.

त्याच शहरात चारमिनारच्या पुढे बारकस आहे. निजामाच्या फौजेतल्या अरबांच्या बराकी, म्हणून बारकस. येमेनमधल्या हद्रमौतहून आलेल्यांचे वंशज इथे राहतात. बहुतेक शाफई. पुरुष घरात आणि बाजारातही चौकड्याची लुंगी लावतात, लग्नात मरफा वाजतो, आणि रमजानमध्ये हरीस शिजतो, ज्याचा भाऊबंद हलीम आज सगळीकडे पोचला आहे. मराठवाड्यात नांदेड, परभणीकडे चाऊस आडनाव भेटतं, ते याच लोकांचं.

काळा अबाया आला कधी

आज बेळगावच्या खडेबाजारात किंवा रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर काळा अबाया आणि रुमाल हाच सर्वसाधारण वेष दिसतो. तिशीच्या आतल्या वाचकाला वाटतं, हे पहिल्यापासून असंच होतं. नव्हतं. कोकण, भटकळ, मलबारची माणसं १९७० च्या दशकापासून मोठ्या संख्येने आखातात कमवायला गेली. पैशाबरोबर तिथली राहणी आली, आणि अबाया हा आधी 'फॉरेन'चा, म्हणजे ऐपतीचा वेष होता. त्यात तबलीगचा प्रचार मिळाला. शहरात शिकायला-नोकरीला निघालेल्या मुलींना हा वेष घातला की घरचे सोडतात, हेही एक कारण. आणि १९९२-९३ नंतर आपल्या माणसांत राहावं, आपलं म्हणून ओळखावं, ही भावना वाढली. ही सगळी कारणं एकत्र आहेत. एकट्या मौलवीवर किंवा एकट्या नवऱ्यावर बोट ठेवून भागणार नाही. स्वखुशीने घालणाऱ्या आहेत, दडपणाखाली घालणाऱ्याही आहेत, आणि बाहेरून बघून त्या ओळखता येत नाहीत. इरकल लुगडं मात्र गेलं, हे खरं. तसं ते आपल्याही घरांतून गेलंच.

या पार्श्वभूमीवर उडुपीचं प्रकरण पुन्हा वाचलं पाहिजे. सरकारी मुलींच्या पदवीपूर्व कॉलेजात डिसेंबर २०२१ च्या सुमारास वाद सुरू झाला, ५ फेब्रुवारी २०२२ ला कर्नाटक सरकारने गणवेशाचा आदेश काढला, आणि १५ मार्चला उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. हिजाब ही इस्लाममधली अनिवार्य धार्मिक प्रथा नाही, हे त्या निकालाचं मुख्य सूत्र. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ ला दोन न्यायमूर्तींचं मत दोन दिशांना गेलं. न्या. हेमंत गुप्ता यांनी आदेश योग्य ठरवला. न्या. सुधांशु धुलिया म्हणाले, की अनिवार्य आहे की नाही हा प्रश्न इथे लागूच नाही. हा मुलीच्या निवडीचा प्रश्न आहे आणि तिचं शिक्षण थांबता कामा नये. प्रकरण मोठ्या खंडपीठासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवण्यास सांगण्यात आलं. टपरीवरच्या चर्चेत 'धर्मात आहे की नाही' एवढंच उरतं. पण वर पाहिलं तसं, किनाऱ्यावरच्या मुलीला आणि घाटावरच्या मुलीला घरून मिळालेलं उत्तरसुद्धा एक नसतं.

निकाह सीमेपलीकडे

शेवटचा मुद्दा व्यवहाराचा आहे, आणि बेळगाव-गोवा सोयरिकी करणाऱ्या घरांनी तो नीट वाचावा.

मुसलमानांचा वारसा शरियतने चालतो, असं आपण समजतो. पण १९३७ च्या शरियत कायद्याआधी अनेक समाज स्थानिक रिवाजावर चालत. खोजा आणि कच्छी मेमन यांच्यात मुलीला वाटा देत नसत, आणि १८४७ मध्ये मुंबईच्या कोर्टाने हा रिवाज मान्यही केला होता, कुराणात मुलीचा वाटा सांगितलेला असूनसुद्धा. १९३७ च्या कायद्याने रिवाजाच्या जागी शरियत आणली. तरी शेतजमीन त्या कलमातून वगळली होती, आणि आपल्याकडे भांडणं नेमकी शेतजमिनीचीच.

गोव्यात हा १९३७ चा कायदा लागू नाही. तिथे पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता सगळ्या धर्मांना एकच, मुसलमानांनाही. वारशापुरती तिची जागा आता गोव्याच्या २०१२ च्या कायद्याने घेतली आहे. त्यामुळे एका गल्लीतल्या दोन बहिणी, एक बेळगावात दिलेली आणि एक मडगावात, यांचे हक्क वेगळे होतात. गोव्यात वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात आणि बायकोचा हक्क निम्म्यावर. आईबापांना मुलांना पूर्ण डावलता येत नाही. निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखलेली, आणि मुलगा-मुलगी सारखे. शरियतमध्ये मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा. गोवेकर मुसलमानाला दुसरं लग्नही तिथे करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंही ठरवलं, की गोव्याच्या अधिवासी माणसाची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी वारशाला गोव्याचाच कायदा लागेल.

म्हणून गोव्यात लग्न असेल तर काझीचा निकाहनामा पुरत नाही. आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाऊन लग्नाचा इरादा नोंदवायचा, मग ठरलेल्या मुदतीनंतर पुन्हा जाऊन दोघांनी सह्या करायच्या. दुसरी सही झाल्याशिवाय कायद्याने लग्न पुरं होत नाही. मालमत्ता वेगळी ठेवायची असेल तर तो करार लग्नाआधीच नोंदवावा लागतो, नंतर नाही. आणि निकाहनाम्यातला मेहरचा आकडा ठसठशीत लिहून घ्यावा, रोख किती आणि उधार किती, दोन्ही. तो राज्य कुठलंही असलं तरी बायकोचाच असतो.